हवेतला उजळणारा कण जिवाणूच असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. औषधं भरण्याच्या निर्जंतुक खोलीसाठी लेझर फ्लुओरेसन्सवर (लेझरचा प्रकाश पडताच पदार्थ स्वतः उजळतो, त्यावर) चालणारं यंत्र घ्यायचं आहे. विक्रेता म्हणतो, हे यंत्र हवेतले जिवाणू त्याच क्षणी मोजतं. मग अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटा ठेवून दिवसचे दिवस वाट बघायची गरज उरते का? आणि हे यंत्र साध्या धुळीलाच जिवाणू समजत नाही, याची खात्री कशी करायची?

पुढे बरंच लिहायचं आहे, म्हणून उत्तर आधीच देते. हे यंत्र जिवाणू मोजत नाही. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकला की ठरावीक पट्ट्यात उजळणारे कण ते मोजतं. जिवाणू त्यात येतात, आणि इतरही बरंच काही येतं. तरीही यंत्र जरूर घ्या असंच मी सांगेन, कारण हवा नेमकी किती वाजता बदलली हे प्लेट कधीच सांगू शकत नाही आणि हे यंत्र सांगतं. काय बदललं ते मात्र तुम्हाला शोधावं लागतं. आणि ते शोधायचं तर तुमच्या खोलीची रोजची हवा त्या यंत्राला कशी दिसते, हे आधी पाठ असावं लागतं.

पेशी उजळते ती तिच्यातल्या मोजक्या रेणूंमुळे. प्रथिनांमधलं ट्रिप्टोफॅन २८० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतं आणि ३३० ते ३५० च्या आसपास सोडतं. टायरोसीनही साधारण तिथेच शोषतं, पण त्याचा उजेड मंद असतो आणि आणखी अलीकडे, ३०५ च्या आसपास पडतो. चयापचयात सतत लागणारं एनएडीएच ३४० ला शोषतं आणि निळ्या पट्ट्यात, ४५० ते ४६० ला उजळतं. त्याचंच ऑक्सिडीकरण झालेलं रूप अजिबात उजळत नाही. ‘हे यंत्र जिवंत पेशी ओळखतं’ या दाव्याचं मूळ या फरकात आहे. रायबोफ्लेविन आणि त्याच्या कुळातले फ्लेविन ३७० आणि ४५० ला शोषतात आणि ५२० ते ५३० च्या हिरवट पट्ट्यात उजळतात. परागकणांची गोष्ट वेगळी. त्यांच्या भिंतीतले फिनॉलिक पदार्थ निळ्या-हिरव्यात जोरात उजळतात, आणि हरितद्रव्य असेल तर ६८० च्या आसपास लाल उजेडही मिळतो.

म्हणून माहितीपत्रक हातात आलं की सगळ्यात आधी तरंगलांबी बघा. एनडी-याग लेझरचा मूळ प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा. त्याची वारंवारता तिप्पट केली की ३५५ मिळतो, चौपट केली की २६६. २६६ चा प्रकाश ट्रिप्टोफॅनपर्यंत पोहोचतो, ३५५ चा एनएडीएच आणि फ्लेविनपर्यंत. तिसरा पर्याय ४०५ नॅनोमीटरचा लेझर डायोड. ब्लू-रे डिस्कमुळे हे डायोड मुबलक आणि स्वस्त झाले, म्हणून निर्जंतुक खोल्यांसाठी विकली जाणारी बरीचशी यंत्रं त्यांवरच चालतात. पण ४०५ ला ट्रिप्टोफॅन काहीच शोषत नाही आणि एनएडीएचच्या शोषणाची जेमतेम शेपटी तिथवर येते. मुख्य काम फ्लेविनवर भागतं.

तुमच्या खोलीच्या दृष्टीने याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. बॅसिलस जिवाणूचा बीजाणू (कठीण काळ काढणारं त्याचं कवचबंद रूप) सुप्त असतो, त्याच्यात एनएडीएच अगदी कमी. त्याच्या कोरड्या वजनाचा ५ ते १५ टक्के भाग डायपिकोलिनिक आम्लाचा असतो आणि ते आपणहून फारसं उजळत नाही. प्रथिनं मात्र भरपूर असतात. म्हणजे २८० च्या जवळचा प्रकाश असेल तर बीजाणू ठळक दिसतो, ४०५ ला फिका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावरही टिकून राहतात ते नेमके हेच बीजाणू. ज्याची सगळ्यात जास्त काळजी करायची तोच काही यंत्रांना सगळ्यात अंधुक दिसतो. विक्रेत्याला हा प्रश्न सरळ विचारा, आणि उत्तर त्यांच्या प्रयोगाच्या आकड्यांत मागा.

आता एक कण यंत्रात शिरल्यापासून काय होतं ते बघू. नळीतून ओढलेली हवा निमुळत्या तोटीतून बाहेर पडते. तिच्याभोवती गाळलेल्या स्वच्छ हवेचं आवरण वाहत असतं, त्यामुळे कण एकामागोमाग एक, मधल्या रेषेवरून जातात. पहिला लेझर नुसता पहारा देतो. कणाने त्याला छेद दिला की प्रकाश विखुरतो, त्या झळकीवरून कणाचा आकार कळतो आणि तीच झळक पुढच्या लेझरला चेतवते. काही यंत्रांत दोन किरण जवळजवळ ठेवलेले असतात. कणाला एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला लागलेल्या वेळावरून त्याचा वायुगतिकीय व्यास, म्हणजे हवेत तो कसा वाहतो त्यावरून ठरणारा आकार, काढतात. मग काही मायक्रोसेकंदांनी अतिनील स्पंद कणावर पडतो. कणातले रेणू तो शोषून काही नॅनोसेकंदांत जास्त तरंगलांबीचा प्रकाश चहूकडे फेकतात. वक्र आरसा त्यातला होईल तेवढा गोळा करतो, फिल्टरमधून फोटोमल्टिप्लायरवर (अगदी मंद प्रकाशही टिपणाऱ्या डिटेक्टरवर) पाठवतो, आणि या एका कणाच्या नावावर दोन-तीन आकडे नोंदले जातात: आकार, उजेडाची तीव्रता, कधी उजेडाचा पट्टा. तोवर पुढचा कण येऊन उभा असतो.

यातलं अवघड काम फिल्टरचं. कणावरून नुसता विखुरणारा प्रकाश हा त्याच्या स्वतःच्या उजेडापेक्षा हजारो पटींनी जास्त असतो. त्यातला अगदी थोडा अंश जरी डिटेक्टरपर्यंत झिरपला, तरी साधा मिठाचा कण ‘उजळलेला’ दिसेल. त्यात अतिनील प्रकाशाने आरसे, काच आणि आतला रंगसुद्धा थोडे उजळतात. म्हणजे समोर कण नसतानाही यंत्राला काहीतरी दिसतच असतं.

म्हणूनच यंत्राला उंबरठा ठरवून द्यावा लागतो. कण नसताना अतिनील स्पंद सोडायचे, आलेल्या उजेडाची सरासरी काढायची, तिच्यात तीन प्रमाणित विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) मिळवायची, आणि त्यावर जो जाईल तो कण ‘फ्लुओरेसंट’ धरायचा. वातावरण अभ्यासणाऱ्यांत ही पद्धत रुळलेली आहे. पुढे लक्षात आलं की तीन विचलनांवर धूर आणि इतर अजैविक कण फार घुसतात, म्हणून काही गटांनी उंबरठा नऊ विचलनांवर नेला. तो वर नेला की खोटे इशारे घटतात, पण लहान आणि फिके जिवाणूही निसटतात. यातून सुटका नाही. उंबरठा कुठे ठेवायचा हे तुमच्या कामावरून ठरतं. तो कारखान्यात बसवून कुलूपबंद केलेला असेल, तर निदान कुठे ठेवलाय एवढं तरी तुम्हाला कळलं पाहिजे.

आकाराचा गुंता यातच मिसळलेला आहे आणि त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. व्यास तिप्पट झाला की घनफळ २७ पट होतं. कणाचा उजेड साधारण त्याच्या पृष्ठभागाच्या किंवा घनफळाच्या प्रमाणात वाढतो. एक मायक्रॉनचा जिवाणू आणि तीन मायक्रॉनचा एखादा मळकट सेंद्रिय कण शेजारी ठेवा. मोठ्याच्या पदार्थात उजळण्याची ताकद जेमतेम असली तरी एकूण उजेडात तो जिवाणूला मागे टाकू शकतो. म्हणून नुसती तीव्रता बघून निवाडा देणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास नाही. तीव्रता आकाराशी ताडून बघणारं यंत्र हवं, आणि शक्य असेल तर दोन पट्टे वेगवेगळे नोंदवणारं.

दोन पट्ट्यांनी काय साधतं, ते एका उदाहरणावरून सांगते. एका निर्जंतुक विभागात पाळी बदलताना आलेख रोज उसळी मारत असे. माणसं आत आली म्हणजे त्वचेचे कपचे आले, त्यांच्याबरोबर जिवाणू आले, हा सगळ्यांचा पहिला अंदाज. तो चूक म्हणता येत नव्हता, कारण निर्जंतुक खोलीत जिवाणूंचा सगळ्यात मोठा स्रोत माणूसच असतो. पण पट्टे वेगळे करून पाहिले तर उसळी फक्त निळ्या पट्ट्यात होती. ट्रिप्टोफॅनचा पट्टा जागचा हललेला नव्हता. त्वचेचा कपचा हा प्रथिनांचा असतो, तो ट्रिप्टोफॅनच्या पट्ट्यात न दिसता नुसता निळ्यात दिसणं अशक्यच. शोधत गेल्यावर गाडं कपड्यांपाशी थांबलं. पांढरं कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून त्यात जे ऑप्टिकल ब्राइटनर घालतात, ते ३४० ते ३७० च्या आसपास शोषतात आणि निळ्यात उजळतात. एनएडीएचची हीच जागा. कापडाचे सुटे तंतू एकाच पट्ट्याच्या यंत्राला हुबेहूब जिवंत पेशींसारखे दिसले असते.

असे फसवणारे पदार्थ पुष्कळ आहेत. कागदाचे तंतू, काही प्लास्टिक, काही जंतुनाशकांचे वाळलेले अवशेष खोलीच्या आत. बाहेरच्या हवेत डिझेलच्या धुरातले आणि सिगारेटच्या धुरातले बहुचक्रीय हायड्रोकार्बन, ह्यूमिक आम्लासारखे मातीतले पदार्थ, हवेतच तयार झालेला तपकिरी सेंद्रिय कार्बन. काजळीचे कण २८० च्या प्रकाशात ट्रिप्टोफॅनच्या पट्ट्यातही दिसतात, तेव्हा दोन पट्टे म्हणजे रामबाण उपाय असंही समजू नका. खनिज धूळ आणि मीठ मात्र बहुतेक वेळा गप्प असतात.

आता ज्या हिशेबामुळे मी ‘जिवाणू मोजतं’ हा शब्दप्रयोग कधीच मान्य करत नाही, तो हिशेब. युरोपीय जीएमपीच्या, म्हणजे औषधनिर्मितीच्या, नियमांत ‘अ’ या सगळ्यात स्वच्छ श्रेणीच्या हवेत अर्धा मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण दर घनमीटरला जास्तीत जास्त ३५२० चालतात. समजा यंत्र फार चांगलं आहे, हजार अजैविक कणांमागे फक्त एकाला जैविक म्हणतं. मर्यादेला टेकलेल्या हवेत तरीही दर घनमीटरला तीन-चार खोटे ‘जिवाणू’ दिसतील. आणि याच श्रेणीत सूक्ष्मजीवांची अपेक्षा काय, तर प्लेटवर काहीही उगवू नये. ‘ब’ श्रेणीला दर घनमीटरला १० कॉलन्या चालतात, ‘क’ला १००, ‘ड’ला २००. हजारात एक ही चूक कानाला किरकोळ वाटते, पण शोधायची गोष्ट जवळजवळ शून्य असेल तेव्हा तीच चूक अख्खा आलेख व्यापते. बाहेरच्या हवेत तर एका लिटरमध्येच या आकाराचे हजारो कण असतात, तिथे काय होईल याचा अंदाज करा.

हे तंत्र ज्या कामासाठी वाढलं तिथेही हीच अडचण होती. १९९० च्या दशकात कॅनडातल्या सफील्डच्या संरक्षण संशोधन केंद्रात वायुगतिकीय कणमापकाला अतिनील लेझर जोडून फ्लॅप्स नावाचं यंत्र झालं, आणि त्याच वाटेवर पुढे ३५५ नॅनोमीटरचं यूव्ही-एपीएस बाजारात आलं. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने २६६ च्या इवल्याशा मायक्रोचिप लेझरवर जैविक हल्ल्याचा इशारा देणारा सेन्सर बांधला. या सगळ्यांचं काम ओळख पटवणं हे नव्हतंच. हवेत काहीतरी वेगळं आलंय हे कळताच नमुना गोळा करणारं यंत्र चालू करायचं आणि खरी ओळख पीसीआरसारख्या चाचणीवर सोडायची, अशी दोन पायऱ्यांची रचना होती. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स पाठवलं गेलं, त्यानंतर या क्षेत्राला मोठी गती आली, तरी ही दोन पायऱ्यांची रचना बदललेली नाही. तुम्हीही यंत्र याच जागी ठेवा: पहिल्या पायरीवर.

ब्रिटनमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठात घडलेलं विब्स हे यंत्र वातावरणशास्त्रज्ञांच्या हातात जास्त दिसतं. त्यात उजळवण्यासाठी लेझर नसतो, २८० आणि ३७० चे झेनॉनचे दोन झगमगाट असतात, पण तत्त्व तेच म्हणून सगळे त्याला याच कुटुंबात धरतात. विखुरलेल्या प्रकाशाच्या चार चतकोरांतला फरक बघून कण गोल आहे की लांबट, याचाही ते अंदाज देतं. २०११ मध्ये कोलोरॅडोतल्या पाइनच्या जंगलात विब्स आणि यूव्ही-एपीएस लावलेली असताना पाऊस सुरू झाला की उजळणारे कण कित्येक पटींनी वाढत असल्याचं दिसलं. पाऊस हवा धुऊन काढतो अशी आपली समजूत असते, इथे थेंबांच्या आणि ओलाव्याच्या जोरावर बीजाणू आणि जिवाणू उलट हवेत येत होते. दिवसभराच्या नमुन्याच्या एका प्लेटवर हे कधी दिसलं असतं? मिनिटागणिक नोंद होती म्हणून पावसाच्या सरींशी ते जुळवता आलं. या तंत्राचा मला वाटणारा खरा मान इथे आहे.

मग प्लेटा बंद करायच्या का? नाही. कारण दोन्ही आकडे वेगळ्या गोष्टींचे आहेत. प्लेट मोजते ती त्या अगारवर, त्या तापमानात, तेवढ्या दिवसांत वाढू शकणारी वस्ती. दहा जिवाणूंचा एक गठ्ठा प्लेटवर एकच कॉलनी देतो आणि यंत्रातही एकच कण म्हणून जातो, इथवर दोघांचं जमतं. पण जिवंत असूनही प्लेटवर न वाढणारे जिवाणू खूप असतात, ते यंत्राला दिसतात. नुकतीच मेलेली पेशीही बराच काळ उजळत राहते, कारण ट्रिप्टोफॅन आणि फ्लेविन मरणाबरोबर नाहीसे होत नाहीत. त्यामुळे यंत्राचा आकडा बहुतेक वेळा प्लेटपेक्षा जास्त येतो, आणि एकाला ठरावीक गुणक लावून दुसरा काढण्याचा मोह आवरा. तो गुणक खोलीगणिक, ऋतूगणिक, पाळीगणिक बदलतो. युरोपीय जीएमपीतल्या निर्जंतुक औषधांच्या भागाची, ॲनेक्स १ ची, सुधारित आवृत्ती ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली, तिच्यात जलद आणि पर्यायी पद्धतींना वाट आहे, पण त्या पद्धती प्रमाणित करून दाखवण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच आहे.

विषाणूंबद्दलही लोक विचारतात. एकटा विषाणू बहुधा २० ते ३०० नॅनोमीटरचा, त्याच्यातलं प्रथिन इतकं कमी की या यंत्रांना तो दिसतच नाही. हवेत तो बहुतेकदा थुंकीच्या वाळलेल्या थेंबात असतो आणि तो थेंब उजळला तरी उजेड थुंकीतल्या प्रथिनांचा असतो, विषाणूचा नव्हे. ‘विषाणू ओळखणारा लेझर’ असं कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

यंत्र आणल्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नळीत. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला तीन मिलिमीटर खाली बसतो, एक मायक्रॉनचा त्याच्या जवळपास शंभराव्या भागाने. लांब आडवी नळी, दोन काटकोनी वळणं, साध्या प्लास्टिकवर साठलेला स्थितिक विद्युतभार, एवढ्यात मोठे बीजाणू वाटेतच चिकटतात आणि यंत्र निर्धास्तपणे कमी आकडा दाखवतं. नळी जितकी आखूड आणि सरळ ठेवता येईल तितकी ठेवा, स्टेनलेस स्टीलची किंवा विद्युतवाहक रबराची. तोंड हवेच्या प्रवाहाकडे, आणि आत ओढण्याचा वेग बाहेरच्या वेगाशी जुळता.

कॅलिब्रेशनसाठी ठरावीक आकाराचे पॉलिस्टायरीनचे गोळे वापरतात, आकारासाठी साधे आणि उजेडासाठी रंगद्रव्य भरलेले. ते दर काही दिवसांनी लावून आकडे लिहून ठेवा, कारण लेझर थकतो, आरशावर धूळ बसते, आणि संवेदनशीलता इतकी सावकाश घसरते की आलेख बघणाऱ्याला हवा सुधारल्यासारखी वाटते. खऱ्या जीवावर तपासायचं तर बॅसिलस ॲट्रोफियसचे बीजाणू हा रुळलेला, निरुपद्रवी पर्याय. ते प्रयोगशाळेतल्या बंद कक्षात उडवा, उत्पादनाच्या खोलीत नव्हे. आणि एक लक्षात ठेवा, वाढवण्याचं माध्यम नीट धुऊन काढलं नसेल तर बीजाणूंपेक्षा त्या माध्यमाचाच उजेड मोजला जातो. प्रात्यक्षिकांत यंत्रं उगाच छान दिसतात त्यामागे कित्येकदा हेच असतं.

पहिले काही आठवडे यंत्राला कोणताही इशारा देऊ देऊ नका. नुसतं चालू ठेवा. शेजारी वही ठेवा आणि दार उघडलं, पुसणं झालं, हातमोजे बदलले, यंत्रसामग्री थांबली, सगळं वेळेसह लिहा. त्याच ठिकाणी प्लेटा आणि हवेचा नमुना घेणारं नेहमीचं यंत्रही चालू राहू दे. रिकाम्या खोलीतली रात्र, माणसं असलेली खोली आणि स्वच्छतेनंतरचा तास या तीन अवस्थांचे आलेख वेगळे ओळखता येऊ लागले की मगच इशाऱ्याची पातळी ठरवा, आणि ती एका कणावर न ठेवता काही मिनिटांत सलग वाढलेल्या संख्येवर ठेवा. खरेदीच्या बोलणीतच एक अट घाला: प्रत्येक कणाची मूळ नोंद, म्हणजे वेळ, आकार आणि पट्टानिहाय तीव्रता, तुम्हाला बाहेर काढता आली पाहिजे. फक्त ‘जैविक’ आणि ‘अजैविक’ असे दोन आकडे देऊन बाकीचं आत लपवणारं यंत्र कितीही देखणं असलं तरी घेऊ नका, कारण उसळी कापडाची होती की माणसाची, हे त्याच्याकडून तुम्हाला कधीच काढून घेता येणार नाही.